दोन प्रती, एक मूळ : लिनक्समधल्या विलीनीकरणाची गोष्ट

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाचं काम आम्ही चार-पाच हौशी माणसं करत होतो. पगार नाही, कचेरी नाही, एकमेकांची तोंडओळखही नाही. पडद्यावर दिसणारी इंग्रजी वाक्यं आणि त्यांच्याखाली मराठी, अशा फायली असत. ज्याला वेळ मिळेल त्यानं त्या उतरवून घ्यायच्या, भरायच्या आणि जमा करायच्या. त्या पावसाळ्यात मी एक मोठी फाईल घेऊन गावी गेलो. इंटरनेट नव्हतं. दोन महिने निवांत काम केलं. परत येऊन ते जमा करायला गेलो, तर यंत्र अडून बसलं. मधल्या काळात मराठवाड्यातल्या एका शिक्षिकेनं त्याच फाईलवर काम करून ते जमाही केलं होतं. एकशेचाळीस ठिकाणी त्यांचं वाक्य वेगळं आणि माझं वेगळं.

प्रत्येक ठिकाणी दोन्ही वाक्यं एकाखाली एक दिसत होती आणि निवड माझ्यावर सोपवलेली होती. मी दमलो होतो, आणि दोन महिन्यांच्या कामाची थोडी घमेंडही होती. ‘जिथे जिथे पेच आहे तिथे माझंच ठेव’ असं एका फटक्यात सांगायची सोय असते. मी ती वापरली.

आठ दिवसांनी बाईंचं चार ओळींचं पत्र आलं. ‘अनडू’साठी मी ‘पूर्ववत करा’ लिहिलं होतं, त्यांनी ‘मागे घ्या’. त्यांच्या वर्गातली मुलं बुद्धिबळात चाल मागे घेतात, म्हणून तो शब्द त्यांना सुचला होता. मुलांना दाखवून, त्यांचे चेहरे पाहून त्यांनी असे कितीतरी शब्द ठरवले होते. मी ते वाचलेसुद्धा नव्हते. त्यांचं सगळं काम मी आठवडाभरात परत आणलं, कारण या व्यवस्थेत जमा झालेलं सहसा कायमचं पुसलं जात नाही. बाई मात्र पुन्हा आल्या नाहीत.

मी संगणकाचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस नाही. वाणिज्य शाखेची पदवी, आणि नंतर जुन्या पोथ्यांच्या पाठभेदांचा नाद. पण त्या प्रसंगानंतर एका प्रश्नानं माझा पिच्छा सोडला नाही. आम्ही पाच जण एक फाईल सांभाळू शकलो नाही, तर जगभरची हजारो माणसं एकमेकांना न भेटता एकच ग्रंथ कसा लिहीत असतील? त्या ग्रंथाचं नाव लिनक्स कर्नल. आपल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी तोच असतो. त्याचा कोड तीन कोटींहून अधिक ओळींचा आहे, आणि साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते. एका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात, आणि ते करणारे हात दोन हजारांच्या आसपास. या कामात रोज पेच पडतात आणि रोज सुटतात. ते कसे, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न.

पाठभेद आणि हरवलेलं मूळ

पोथ्या वाचणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. नाथांच्या काळी ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये इतके पाठभेद झाले होते, की शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, त्यांनी प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये हाती घेतलं. १९२५ पासून वि. स. सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली, आणि १९६६ मध्ये ते पुरं झालं. दोन पोथ्यांत एका जागी दोन वेगळे शब्द आले, की अभ्यासकापुढे एकच प्रश्न असतो : बदललं कोणी? पहिल्या लेखनिकानं की दुसऱ्यानं? की दोघांनीही? उत्तर मिळत नाही, कारण दोघांनी ज्या मूळ प्रतीवरून उतरवलं ती काळाच्या उदरात गेलेली असते. मग पोथ्यांच्या कुळी लावायच्या, शाखा पाडायच्या आणि हरवलेल्या मुळाचा अंदाज बांधायचा.

संगणकाच्या कोडमध्ये हीच एक गोष्ट वेगळी आहे. तिथे मूळ हरवत नाही. दोघांनी कोणत्या प्रतीपासून सुरुवात केली याची नोंद असते आणि ती प्रत हाताशी असते. विलीनीकरणाची सगळी कला या एका सोयीवर उभी आहे.

उदाहरण घेऊ. एका मंडळाच्या सभेची सूचना आहे. पहिल्या ओळीत ‘सभा रविवारी’, दुसरीत ‘सायंकाळी पाच वाजता’. मग अध्यक्षांचं नाव, विषय वगैरे पाच-सहा ओळी, आणि शेवटी ‘स्थळ : वाचनालय’. चिटणिसांनी आपल्या प्रतीत पाचाचे सहा केले. खजिनदारांनी आपल्या प्रतीत वाचनालयाच्या जागी शाळा लिहिली. नुसत्या या दोन प्रती समोर ठेवल्या तर दोन जागी फरक दिसतो, पण बरोबर कोणतं ते कळत नाही. मूळ सूचना शेजारी ठेवली की लगेच उलगडतं. वेळ चिटणिसांनी बदलली आणि खजिनदारांनी तिला हात लावला नाही, तेव्हा नवी वेळ घ्यायची. स्थळाचंही तसंच. हे काम यंत्र बिनचूक करतं. याला त्रिमार्गी विलीनीकरण म्हणतात : एक मूळ, दोन प्रती.

आता समजा, चिटणिसांनी पाचाचे सहा केले आणि खजिनदारांनी पाचाचे चार. मूळ पाच आहे हे माहीत असूनही यंत्राला ठरवता येत नाही. ते दोन्ही ओळी फायलीतच एकाखाली एक मांडतं, भोवती ठळक खुणा करतं आणि थांबतं. प्रोग्रामर याला ‘मर्ज कॉन्फ्लिक्ट’ म्हणतात. मी ‘पेच’ म्हणतो, कारण यात भांडण असतंच असं नाही. दोन माणसांनी एकमेकांच्या नकळत एकाच जागेचा विचार केला, एवढंच त्यातून कळतं.

याहून अवघड प्रकार पुढे आहे. चिटणिसांनी पहिल्या ओळीत रविवारचा शनिवार केला. खजिनदारांनी अगदी तळाशी नवी ओळ घातली : ‘रविवारी येताना प्रत्येकानं डबा आणावा.’ दोन्ही बदल वेगवेगळ्या जागी आहेत, म्हणून यंत्र काहीही न बोलता दोन्ही जोडून देतं. सूचना निर्वेध तयार होते, आणि चुकीची असते. कोडमध्ये हे नेहमी घडतं. एकानं एका फंक्शनचं नाव बदलून जुनं नाव काढून टाकलं, आणि त्याच दिवशी दुसऱ्यानं वेगळ्याच फायलीत त्या जुन्या नावानं त्याला हाक मारली. ही चूक निदान कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करताना उघडी पडते. पण नाव तेच ठेवून कोणी सेकंदांच्या जागी मिलिसेकंद मोजायला लागला, तर तीही पडत नाही. पडद्यावर खुणा दिसल्या की आपण वैतागतो, पण खरी भीती खुणा न दिसणाऱ्या जोडाची असते.

कुलूप की मोकळीक

पेच पडूच नये म्हणून जुना उपाय होता कुलपाचा. १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वॉल्टर टिची यांनी फायलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या ज्या प्रणाली केल्या, त्यांत फाईल बदलायला घेतली की तिला कुलूप लागे. बाकीच्यांनी थांबायचं. वाचनालयात एकच प्रत असलेल्या पुस्तकासारखं. घेणारा रजेवर गेला की सगळे खोळंबले.

कुलूप तोडण्याची गरज ॲमस्टरडॅममधल्या एका प्राध्यापकांना भासली. डिक ग्रून दोन विद्यार्थ्यांसोबत एका कंपायलरवर काम करत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच बसणारा, दुसऱ्याच्या वेळेचा नेम नाही, आणि स्वतः ग्रून फक्त संध्याकाळी मोकळे. कुलूप लावलं तर तिघांचं काम चालणारच नव्हतं. म्हणून त्यांनी अशी व्यवस्था लिहिली, की प्रत्येकानं आपली प्रत घ्यावी, हवं ते बदलावं आणि जमा करताना जुळवून घ्यावं. १९८६ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तिचं नाव सीव्हीएस. पेच टाळण्यापेक्षा तो पडू द्यावा आणि मग सोडवावा, हा विचार तिच्यामुळे घराघरांत पोहोचला. तो आला मात्र तीन माणसांच्या न जुळणाऱ्या वेळापत्रकातून.

एका माणसाचा टपालखाना

लिनस तोर्वाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं, तेव्हा असल्या प्रणाली त्याला पसंत नव्हत्या. पहिली दहा-अकरा वर्षं कारभार ईमेलवर चालला. दोन प्रतींतला फरक तेवढा काढून देणारा ‘डिफ’ हा प्रोग्राम १९७४ पासून युनिक्समध्ये होता. तो फरक दुसऱ्याच्या प्रतीवर चढवणारा ‘पॅच’ लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिला होता. लोक आपला बदल ईमेलनं पाठवत, आणि तोर्वाल्ड्स तो वाचून आपल्या प्रतीवर चढवत. लॅरी वॉलच्या पॅचमध्ये एक शहाणपण होतं : ओळींचे क्रमांक थोडे सरकले असले, तरी आजूबाजूच्या ओळी ओळखून तो आपली जागा शोधी.

योगदान वाढलं तशी ही रीत कोलमडू लागली. पत्रं हरवत. उत्तर आलं नाही, तर बदल नापसंत आहे की वाचलाच गेला नाही, हे कळायला मार्ग नव्हता. चांगली माणसं तोच पॅच पुन्हा पुन्हा पाठवून थकत. २००२ च्या सुरुवातीला यावर मोठा वाद झाला आणि त्याच वर्षी तोर्वाल्ड्सनी ‘बिटकीपर’ ही प्रणाली स्वीकारली. तिच्यात प्रत्येकाकडे संपूर्ण इतिहासासह स्वतःची प्रत असे. पण ती एका कंपनीच्या मालकीची होती, फुकट वापराला अटी होत्या, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या अनेक कार्यकर्त्यांना ते खटकत होतं. अँड्र्यू ट्रिजेल यांनी तिची संभाषणाची रीत बाहेरून उलगडायचा प्रयत्न केल्यावर, एप्रिल २००५ मध्ये कंपनीनं फुकट वापर बंद केला.

पुढचे दिवस आता दंतकथेसारखे सांगितले जातात, पण तारखांची नोंद आहे. ३ एप्रिलला तोर्वाल्ड्सनी नव्या प्रणालीचं काम सुरू केलं. ७ एप्रिलला ती स्वतःचाच कोड सांभाळू लागली. १८ एप्रिलला तिच्यात पहिल्यांदा अनेक शाखांचं विलीनीकरण झालं. जूनमध्ये कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती तिच्याच आधारे निघाली. जुलैच्या अखेरीस तोर्वाल्ड्सनी तिची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली. हीच ‘गिट’.

विलीनीकरणाबाबत गिटचा स्वभाव मुद्दाम साधा ठेवलेला आहे. यंत्रानं फार हुशारी करू नये, ते काय करील याचा माणसाला अंदाज यावा, आणि शंका असेल तिथे त्यानं थांबून माणसाला हाक मारावी, अशी तोर्वाल्ड्सची भूमिका होती. म्हणूनच शेजारशेजारच्या दोन ओळी दोघांनी बदलल्या, तरी ते सहसा थांबतं. यंत्राची चुकीची खात्री महागात पडते. त्यापेक्षा त्याचं अडून बसणं स्वस्त.

रोजचं जुळवणं

पण नुसत्या अवजारानं दोन हजार माणसांचं काम जुळत नाही. त्यामागे एक सामाजिक बांधणी आहे. कर्नलचे विभाग आहेत : नेटवर्क, फाईल प्रणाली, ध्वनी, निरनिराळे प्रोसेसर. प्रत्येकाचा सांभाळकर्ता ठरलेला असतो आणि त्यांची यादी कोडसोबतच ठेवलेली असते. नवा माणूस आपला बदल आपल्या विभागाच्या सांभाळकर्त्याकडे पाठवतो. तो तपासून आपल्या शाखेत घेतो. अशा शाखा वर जात जात तोर्वाल्ड्सपर्यंत पोहोचतात. प्रत्येक ओळ ते वाचत नाहीत, तर ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांची शाखा घेतात.

आवृत्ती निघाल्यावर दोन आठवडे दार उघडं असतं. तेवढ्यात बहुतेक सगळे नवे बदल आत येतात. मग दार बंद, आणि पुढचे सहा-सात आठवडे फक्त दुरुस्त्या. आता विचार करा : शेकडो शाखा त्या दोन आठवड्यांतच पहिल्यांदा एकमेकींना भेटल्या, तर किती पेच पडतील?

त्यावरचा उपाय म्हणजे ‘लिनक्स-नेक्स्ट’. ऑस्ट्रेलियातले स्टीफन रॉथवेल यांनी तो २००८ मध्ये सुरू केला आणि पुढे वर्षानुवर्षं चालवला. कामाच्या प्रत्येक दिवशी विभागांच्या शाखा एकामागून एक जोडायच्या. शेकडो शाखा. जोडताना पेच पडला, तर तो सोडवायचा आणि दोन्ही बाजूंच्या सांभाळकर्त्यांना कळवायचं, की तुमची आणि त्यांची गाठ इथे पडते आहे, मी ती अशी सोडवली आहे, बरोबर आहे का पाहा. अधूनमधून सगळं मिळून बांधलं जातं आहे ना, हेही तपासायचं. शनिवार-रविवारचा घोळ अशा वेळी पकडला जातो. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात. एकदा सोडवलेला पेच लक्षात ठेवून पुढच्या वेळी आपोआप तसाच सोडवण्याची सोय गिटमध्ये आहे, पण ती पहिल्या वेळचा विचार माणसाकडूनच घेते.

म्हणजे दार उघडण्याच्या कितीतरी आधी बहुतेक पेच माहीत झालेले असतात. आणि इथे एक नियम मला फार शहाणपणाचा वाटला. सांभाळकर्त्यानं शाखा पाठवण्याआधी, नीटनेटकी दिसावी म्हणून, वरची शाखा आपल्यात ओढून पेच परस्पर मिटवू नये. तो तसाच ठेवावा आणि सोबतच्या पत्रात सांगावं, की इथे गाठ पडेल आणि माझ्या मते ती अशी सुटते. कारण दोन विभाग कुठे एकमेकांच्या अंगणात शिरतात, हे वरच्या माणसाला दिसायला हवं. झाकलेल्या पेचातून कोणी काही शिकत नाही.

या कामाला हिशेबात जागा नाही. प्रत्येक आवृत्तीनंतर कोणी किती बदल केले याची आकडेवारी निघते, तेव्हा विलीनीकरणाच्या नोंदी सहसा वगळलेल्या असतात. ते योग्यही आहे, कारण त्यांत नवं काही नसतं. पण त्यामुळे जोडणाऱ्याचे श्रम दिसेनासे होतात. प्रतींची ताडणी करणाऱ्या किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

वीस वर्षं दाराबाहेर

मूळ प्रवाहापासून दूर राहण्याची किंमत काय, याचा मोठा दाखला कर्नलच्याच इतिहासात आहे. यंत्रमानव किंवा कारखान्यातली यंत्रं चालवताना ठरल्या क्षणी प्रतिसाद मिळालाच पाहिजे, उशीर चालत नाही. त्यासाठी कर्नलच्या गाभ्यात जे बदल लागतात, ते इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि इतरांनी २००४ च्या सुमारास सुरू केले. ते इतके खोलवर जाणारे होते, की एकदम घेणं शक्य नव्हतं. मग काय झालं? मूळ कर्नल दर दोन-अडीच महिन्यांनी पुढे जाई, आणि या मंडळींना आपले सगळे बदल नव्या प्रतीवर पुन्हा बसवावे लागत. एक एक तुकडा वेगळा काढून, तो सगळ्यांच्या उपयोगाचा करून आत नेण्यात वर्षं गेली. शेवटचा तुकडा सप्टेंबर २०२४ मध्ये आत गेला आणि नोव्हेंबरमध्ये ६.१२ या आवृत्तीतून बाहेर पडला. व्हिएन्नातल्या संमेलनात ग्लाइक्सनरनी ती विनंती छापील कागदावर तोर्वाल्ड्सच्या हातात दिली. वीस वर्षं ईमेलवर चाललेलं काम शेवटी हातात हात देऊन पुरं झालं.

दोन महिने गावी बसून मी जे केलं ते याचंच लहान रूप होतं. बदल जितका मोठा आणि एकटा, तितकं त्याचं परतणं अवघड. म्हणून कर्नलमध्ये जाणती माणसं नवख्याला पहिली सूचना करतात ती बदल लहान ठेवण्याची : एका पॅचमध्ये एकच गोष्ट, आणि ती का केली हे वर लिहिलेलं.

‘का’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. काय बदललं ते यंत्र सांगतं. का बदललं ते फक्त माणूस सांगू शकतो, आणि पेच सोडवताना त्याचीच गरज पडते. बाईंनी ‘मागे घ्या’ का लिहिलं हे नोंदीत असतं, तर मी थांबलो असतो का? सांगता येत नाही. मी ती नोंद उघडलीच नसती, हेही तितकंच शक्य आहे.

माणसाची बाजू

कर्नलचं चित्र मी फार गुळगुळीत रंगवू नये. तिथली भाषा वर्षानुवर्षं कडक होती, कधी कधी अपमानकारक. १६ सप्टेंबर २०१८ ला तोर्वाल्ड्सनी स्वतःच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ बाजूला झाले. ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी पुरी केली. जगातली सर्वांत सक्षम विलीनीकरण-व्यवस्था ज्यानं घडवली, त्यालाही सत्तावीस वर्षांनी हे म्हणावं लागलं, की माणसांशी आपलं काही चुकत होतं. कोडमधला पेच खुणांनी ओळखू येतो. माणूस दुखावला की खूण उमटतेच असं नाही. तो फक्त यायचा थांबतो.

मराठीकरणाचं काम मी अजून करतो. आता फाईल घेतली की आधी सांगतो, मी हिच्यावर आहे. दर आठवड्याला थोडं थोडं जमा करतो. पेच पडला तर समोरच्याचं वाक्य मोठ्यानं वाचतो आणि शक्य झालं तर त्यालाच विचारतो. एकशेचाळीस पेच असतील, तर एकशेचाळीस वेळा. वेळ जातो, नाही असं नाही.

त्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अनडू’च्या जागी आजही ‘मागे घ्या’ दिसतं. त्या ओळीचा इतिहास उघडला, तर एकाखाली एक तीन नोंदी सापडतात : पहिली बाईंची, मग ती खोडणारी माझी, आणि मग ती परत आणणारी, तीही माझीच. पुसता येत असतं, तरी मधली नोंद मी पुसली नसती.